काकूंच्या घरचं स्पॅनिश

होमस्टे करून स्पॅनिश शिकले असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, माद्रिद का बार्सिलोना? सिडको, मी म्हणते. छत्रपती संभाजीनगर, सिडको, बसस्टँडवरून रिक्षानं दहा मिनिटं. मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मी मूळची सेलूची, परभणी जिल्हा. बाबांची कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन. मी पुण्यात एका कंपनीत कस्टमर सपोर्टला होते, पगार एकोणीस हजार, त्यातले सात रूमला जायचे. आमच्या मागच्या रांगेत स्पॅनिश प्रोसेस बसायची, मेक्सिकोचे कस्टमर, आणि त्या पोरांना माझ्या जवळजवळ दुप्पट मिळायचे, काम तेच, शिव्या पण त्याच, फक्त वेगळ्या भाषेत. म्हणून स्पॅनिश. भाषेची आवड वगैरे काही नाही, उगंच खोटं कशाला सांगू.

पहिल्यांदा पुण्यातच शनिवार-रविवारचा क्लास लावला. मॅडम चांगल्या होत्या पण सगळं इंग्रजीतून, फळ्यावर क्रियापदांचे तक्ते, आम्ही चाळीस जण. घरी मोबाईलवर ॲप, तिथं सलग 140 दिवस एकही दिवस खाडा नाही. एवढं करून मला 'कासव दूध पितं' हे स्पॅनिशमधी न चुकता येत होतं आणि 'मला पाणी द्या' म्हणायचं तर घाम फुटायचा. माझ्या डोक्यात रस्ताच उलटा होता. मनात यायचं मराठीत, मग ते मी इंग्रजीत जुळवायचे, मग इंग्रजीतून स्पॅनिशमधी ढकलायचे, म्हणजे परभणीहून जालन्याला जायचं आणि आधी नांदेडला जाऊन यायचं. तोवर समोरचा फोन ठेवून मोकळा.

मावशीचा पोरगा वेरूळ-अजिंठ्याला टुरिस्टची गाडी चालवतो. तो म्हणला, आमच्याकडं एक स्पॅनिशचे गाईड आहेत, तीस वर्षं झाली, सीझनला अजून जातात. घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, पण 2020 ला कोरोना आला आणि परदेशी माणूस दिसेनासा झाला, तेव्हापासून त्यांच्याकडं एखाद-दुसरं पोरगं राहून शिकतं. उन्हाळ्यात टुरिस्ट नसतात, तेव्हाच ते वेळ देतात. पाच आठवडे, राहणं, जेवण, शिकवणं धरून बावीस हजार. बाबा म्हणले, एवढ्यात माझं बी-बियाणं निघतं की. आईचा प्रश्न वेगळाच, घरात बाईमाणूस कोण आहे? मग गाईडच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, फोनवर आईशी वीस मिनिटं बोलून घेतलं, त्यात दहा मिनिटं मसाल्यावर, आणि आई तयार. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी बाबा आणि मी तपोवन एक्सप्रेसनं गेलो.

पोचल्या पोचल्या मी वाकून नमस्कार केला आणि म्हणलं, नमस्कार काका. त्यांनी हात वर केला. म्हणले, बाई, सगळं म्हण, काका नको. स्पॅनिशमधी काका म्हणजे लहान पोरांची शी. गल्लीतली पोरं 'काका, काका' करत दारात यायची आणि आत बसलेले पाहुणे ठसका लागेस्तोवर हसायचे. तर त्यांना म्हणायचं 'प्रोफे', तिकडं सरांना पोरं असंच म्हणतात. आणि काकूंना काकूच, त्याला काही अडचण नाही. बाबा हे सगळं ऐकून इतके गांगरले की निघेपर्यंत त्यांनी प्रोफेंना कुठलीच हाक मारली नाही, नुसतं 'अहो, ते हे' करत राहिले.

संध्याकाळी नियम सांगितला. मला वाटलं होतं की मराठी बंद असेल, सगळीकडं तसंच असतं म्हणे. इथं उलटं. इंग्रजी बंद. दिवसभर स्पॅनिश, अडलं तर हातवारे, हातवाऱ्यांनी पण नाही जमलं तर मराठी. इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की बिस्किटाच्या डब्यात पाच रुपये. पहिल्याच रात्री यावर वाद झाला. मी म्हणलं, फॅन लावू का? काकू म्हणल्या पाच रुपये. प्रोफे म्हणले, नाही, फॅन मराठी आहे, आपल्याकडं 'पंखा' कोण म्हणतं आता? गॅस, मोबाईल, चार्जर, तिकीट हे सगळं मराठीत माफ झालं. दंड होता तो 'ॲक्च्युअली', 'आय मीन', 'सो' याला. पहिल्या आठवड्यात माझे एकशे पंधरा रुपये गेले, त्यातले नव्वद तरी एकट्या 'ॲक्च्युअली'चे असतील. तेव्हा कळलं की मी या शब्दाशिवाय तोंडच उघडत नाही.

दुसरं, उच्चार. मी क्लासमधी शिकल्याप्रमाणं 'टेंगो', 'डोंडे' म्हणायचे. प्रोफेंनी दोन मिनिटांत ते मोडून काढलं. म्हणले, स्पॅनिशचा त म्हणजे आपल्या तव्यातला त, द म्हणजे दगडातला द, ट-ड इंग्रजीकडून आलेत, ते परत पाठवून दे. प, त, क म्हणताना तोंडातून हवा सोडायची नाही, इंग्रज माणसाला ते शिकायला महिना जातो आणि तुला आईनं फुकट दिलंय. तेंगो, दोन्दे. झालं. रामराव, रिक्षा म्हणणाऱ्या माणसाला र ची भीती नसतीच, फक्त दोन र आले की जीभ जरा जास्त थरथरवायची, कारण पेरो म्हणजे 'पण' आणि पेर्रो म्हणजे कुत्रा. ह लिहायचा पण म्हणायचा नाही. व आणि ब एकच. आणि तो घशातला ख़, ज्याला पुण्यातल्या क्लासमधी सगळे 'ह' म्हणून मोकळे व्हायचे, तो मला आधीपासून येत होता हे मलाच माहीत नव्हतं. त्याचं पुढं सांगते.

आता पाण्याची रात्र. त्या घराच्या नळाला त्या उन्हाळ्यात आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि ते पण रात्री कधी येईल याचा नेम नाही. मला जाऊन पाचवाच दिवस होता. रात्री पावणेतीनला दारावर थापा आणि प्रोफे ओरडायलेत, "येना! येना!" मी धडपडत उठले, दार उघडलं, म्हणलं आले, आले. ते नळाजवळ उभे, परत म्हणतात "येना!" मी अजून दोन पावलं पुढं. "येना एल बाल्दे!" म्हणलं आले ना प्रोफे, अजून कुठं येऊ, आता तुमच्या पायावर उभी राहू का! काकू मागच्या हौदाजवळ कपाळाला हात लावून हसायल्या. 'येना' म्हणजे भर. बाल्दे म्हणजे बालदी, आपली बालदी पोर्तुगीजांकडून आली आणि त्यांचा शब्द स्पॅनिशमधी पण तोच. स्पेनमधी जास्त करून 'कूबो' म्हणतात पण तिकडं लॅटिन अमेरिकेत बऱ्याच देशांत बाल्देच. तर 'बालदी भर' हे मी 'ये ना' समजत होते.

त्या दीड तासात मी आज्ञार्थ शिकले. भर, ओत, थांब, बंद कर, आण, पळ. येना, एचा, एस्पेरा, सिएर्रा, त्राए, कोर्रे. दोन टाक्या, एक हौद, अकरा कळश्या, आणि काकूंच्या घरातली झाडून सगळी पातेली. क्लासमधी आज्ञार्थाचा तक्ता होता आठव्या धड्यात, मी तिथवर पोचलेच नव्हते. इथं तक्ता नव्हता, इथं हळू शिकलं तर पाणी जायचं. आणि सकाळी दमून चहा पिताना प्रोफेंनी शांतपणे विचारलं, पाणी स्त्रीलिंगी का पुल्लिंगी? मी म्हणलं एल आग्वा म्हणजे पुल्लिंगी. चूक. स्त्रीलिंगीच, पण सुरुवातीच्या 'आ'वर जोर येतो म्हणून 'ला' ऐवजी 'एल' लावतात, नाहीतर दोन आ एकमेकांत घुसतात. थंड पाणी म्हणताना बघ, एल आग्वा फ्रीआ, विशेषण बाईचंच. लिंगाचं रडगाणं इंग्रजी बोलणारे लै गातात, टेबल बाई कसं काय वगैरे. आपल्याकडं तीन लिंगं आहेत, खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो, आपण कधी कुणाला विचारलं का? इथं तर एक कमीच.

दुसरा आठवडा मात्र वाईट गेला. पहिल्या आठवड्याची मजा ओसरली आणि मी गप्प झाले. जेवताना दोघं काहीतरी बोलायचे, मला अर्धं कळायचं, उत्तर जुळवेपर्यंत विषय भाजीवरून लग्नावर गेलेला असायचा. बाहेर बेचाळीस डिग्री, कूलरमधी घालायला पाणी नाही, त्यात लाईट जायची. गुरुवारी मी बॅग भरून ठेवली. म्हणलं उद्या गाडीत बसायचं आणि सेलू.

काकूंना बॅग दिसली. त्यांनी काही विचारलं नाही, लसणाची टोपली समोर ठेवली. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजीचा ओ का ठो येत नाही. पण स्पॅनिश बोलतात. म्हणजे कसं, तर क्रियापदं चालवतच नाहीत, सगळी मूळ रूपात. "तू कोमेर!" म्हणजे 'तू जेवणे'. "मान्याना यो इर बाझार", 'उद्या मी जाणे बाजार'. व्याकरण शून्य, पण थांबत नाहीत, आणि समोरच्याला सगळं कळतं. त्यांना मी विचारलं, तुम्ही कशा शिकलात? तर सांगायला लागल्या, बऱ्याच वर्षांपूर्वी स्पेनमधल्या बालेन्सियाची एक बाई पाहुणी होती, हे वेरूळला गेलेले दुसऱ्या ग्रुपबरोबर, आणि बाईचं पोट बिघडलं, ताप. घरात मी आणि ती. ती म्हणली आसूकार, मला साखर ऐकू आलं, मी साखर आणली. बरोबर निघालं! मग मीठ दाखवलं, ती म्हणली साल. पाण्यात घालून पाजलं. तीन दिवस मऊ भात आणि ताक. जाताना रडली माझ्या गळ्यात पडून, मी पण रडले, काय बोलली ते अजून माहीत नाही.

मग म्हणल्या, तू आधी ते इंग्रजीत भाषांतर करतीस ना मनात? मी बघते, तुझे ओठ हलतात. मला इंग्रजी येत नाही म्हणून माझं बरं झालं, मला साखरेहून थेट आसूकार.

हे मला एवढं लागलं की मी बॅग सोडली. साखरेचं खरंच तसं आहे, प्रोफेंनी रात्री सांगितलं, संस्कृत शर्करा फारसी-अरबीतून फिरत स्पेनला गेली आणि आसूकार झाली. नारंगीची नारान्ख़ा. लिंबाचं लिमोन. वांग्याला बेरेनख़ेना म्हणतात, ती आपल्या बैंगनाचीच लांबची नात. म्हणजे हे शब्द आपल्या दारातून निघून तिकडं गेलेत आणि मी त्यांना लंडनवरून शोधत होते.

तिथून पुढं मी ठरवून इंग्रजीचा पूल काढून टाकला आणि प्रत्येक वाक्य थेट मराठीशेजारी ठेवून बघायला लागले. 'मला आंबा आवडतो' घ्या. पुण्यात याच्यावर दोन तास गेले होते, कारण इंग्रजीत 'मी आवडतो आंबा' अशी रचना, आणि स्पॅनिशमधी आंबा कर्ता होतो, मला तो आवडतो, सगळा क्लास हैराण. मराठीत तर तेच आहे! मे गुस्ता एल मांगो, मला आंबा आवडतो. आंबे झाले की मे गुस्तान, आवडतात. शब्दाला शब्द. मी ताट सोडून उठले आणि वहीत लिहून आले, काकू म्हणल्या अगं भाकरी गार व्हायली.

सगळ्यात भारी गंमत लोणच्याच्या बरणीची. माळ्यावरून चिनीमातीची बरणी काढताना माझ्या हातून पडली, कैरीचं तेल ओट्यावर, फरशीवर, माझ्या पायावर. मी घाबरून म्हणलं, यो... आणि पुढं 'मी बरणी पाडली' कसं म्हणायचं ते आठवेना. प्रोफे दारात. म्हणले, तू पाडलीस का? म्हणलं नाही हो, हातून पडली. म्हणले मग तसंच म्हण, 'से मे कायो'. आपलं 'माझ्या हातून पडलं', 'माझ्याकडून हरवलं', 'मला विसर पडला', या सगळ्याला स्पॅनिशमधी अशीच सोय आहे, काम आपोआप झालं आणि ते नेमकं माझ्यावर येऊन आदळलं. से मे ओल्बीदो, विसर पडला. से मे पेर्दियो, हरवलं माझ्याकडून. बरणीचे पैसे काकूंनी घेतले नाहीत, पण पाच आठवडे संपेपर्यंत घरात काहीही वाजलं की आतून हाक यायची, "से मे कायो?"

अर्थात सगळंच जुळत नाही, आणि जुळतं असं धरून चाललं की आपटायला होतं. 'आहे'ला त्यांच्याकडं दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. मी माझी युक्ती काढली होती, जिथं आपण 'असतो' म्हणतो तिथं सेर, 'आहे' म्हणतो तिथं एस्तार. बर्फ थंड असतो, सेर. वरण थंड झालंय, एस्तार. चार दिवस मी खूश. मग प्रोफे म्हणले, तू मुलगी आहेस, तू सेलूची आहेस, इथं काय लावशील? इथं 'आहे' आहे पण लागतं सेर. युक्ती गेली. खरं डोक्यात बसलं ते सुशीलामुळं. रविवारी मी सुशीला केला, आमच्याकडचा, मुरमुरे भिजवून, शेंगदाणे, हिरवी मिरची, वरून लिंबू. चव घेऊन प्रोफेंना म्हणलं, सुशीला एस रिका, चविष्ट आहे या हिशोबानं. ते म्हणले असं का, कोण ही सुशीला? किती एकर आहे तिला? कारण 'एस रिका' म्हणजे श्रीमंत आहे. ताटातली सुशीला 'एस्ता रिका', मालदार सुशीलाबाई 'एस रिका'. आता हे मी मेले तरी विसरणार नाही.

आता तो ख़. काकूंच्या शेजारी एक खाला राहायच्या, मूळच्या शहागंजच्या, दुपारी निवडायला भाजी घेऊन यायच्या आणि दखनीत गप्पा. एक दिवस काकू म्हणल्या यंदा पाऊस चांगला होऊ दे, खाला म्हणल्या इन्शाअल्ला, आणि प्रोफे पेपरातून डोकं वर न काढता म्हणले, ओख़ाला. मला वाटलं खालांची नक्कल करायलेत. पण ओख़ाला खरंच स्पॅनिश शब्द आहे, रोजचा, 'असं होवो' म्हणायला, आणि तो अरबीतल्या 'अल्लाची मर्जी असेल तर' वरूनच आलाय. स्पेनमधी 711 पासून 1492 पर्यंत कुठं ना कुठं मुसलमान राजवट होती, त्या आठशे वर्षांत हजारो शब्द राहिले. आणि आपल्याकडं 1948 पर्यंत निजाम, कचेरीची भाषा उर्दू. अमक्यातमक्याला ते फुलानो म्हणतात, आपला फलाणा. जैतूनला आसेइतूना. काझीवरून आल्काल्दे, तिकडं तो गावचा मेयर झाला. खालांना हे सांगितलं तर त्यांनी तोंडावर पदर घेतला, "या अल्ला, काझी का क्या कर दिए वो लोगां." मला मात्र 'ख़ाबोन' म्हणजे साबण हे म्हणायला काहीच करावं लागलं नाही, खालांसारखा ख़ काढला की झालं.

ओख़ालाच्या पुढं क्रियापद बदलतं, ज्याला पुण्यात 'सब्जंक्टिव्ह' म्हणून सगळे घाबरायचे. ओख़ाला युएबा. पाऊस पडो. पडतो नाही, पडेल नाही, पडो. आपल्याकडं हे आरतीत आहे, आशीर्वादात आहे, शिव्याशापात तर लैच आहे. इच्छेपुरतं तरी मला ते लगेच उमगलं, बाकीचं सब्जंक्टिव्ह अजून चालू आहे.

आणि भूतकाळ. दोन आहेत, एक एकदाच घडून गेलेला, एक घडत राहायचा तो. प्रोफे म्हणले, जिथं मराठीत 'आयचा, आयची, आयचे' येतं तिथं डोळे झाकून इम्पेर्फेक्तो, म्हणजे तो दुसरा. आजी गोष्ट सांगायची, कोन्ताबा. आजीनं गोष्ट सांगितली, कोन्तो. 'होतं' आणि 'करत होते' पण बहुतेक त्यातच. एवढं सोपं कुणी आधी का सांगितलं नाही याचा मला राग आला, खरंच राग आला.

जूनच्या सुरुवातीला कोलंबियाची दोन पोरं वेरूळला आली, कुठल्या तरी ओळखीतून प्रोफेंना फोन. मंगळवारी लेणी बंद म्हणून बुधवारी ठरलं. गाईडचं लायसन प्रोफेंकडं, मी शिष्या म्हणून मागं मागं. पण सोळा नंबरसमोर, कैलासपुढं, ते बाजूला झाले आणि मला म्हणले, बोल. मी बोलले. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला. डोंगर वरून खाली कोरत आणला, दे आर्रीबा आबाख़ो, पाया आधी नाही, कळस आधी. काम सुरू केलं, एम्पेसारोन, आणि कारागीर रोज थोडं थोडं खाली उतरत यायचे, बाख़ाबान, 'आयचे' आलं, बरोबर! एक चूक झाली, 'कैलास इथं आहे'ला मी सेर लावलं, कारण म्हणलं हा बाराशे वर्षं हलला नाही, याच्याहून कायमचं काय असतं. पण जागा सांगताना एस्तार, मग तो डोंगर का असेना. त्यातल्या एकानं विचारलं, आतून काढलेला दगड कुठं गेला? दीड-दोन लाख टन असा अंदाज सांगतात, हे मला पाठ होतं, पण गेला कुठं? नो से, म्हणलं, माहीत नाही. ते हसले. प्रोफे परत येताना गाडीत म्हणले, तीस वर्षं मी या प्रश्नाला मोठं मोठं उत्तर देत आलो, तुझं बरं होतं.

त्या पोरांचं एकमेकांतलं बोलणं मात्र मला रुपयात तीन आणे कळलं. पाच आठवड्यांत भाषा येते असं कुणी म्हणलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय काकूंच्या तालमीचा तोटा पण झाला, पुण्यात परत आल्यावर इंटरव्ह्यूमधी मी पहिलंच वाक्य 'यो इर' असं ठोकलं, समोरची बाई थांबून बघायला लागली. प्रोफेंचे झेरॉक्स इतके जुने होते की त्यात अजून पेसेता, म्हणजे स्पेनचं युरोच्या आधीचं चलन, चालू होता, आणि जेवणानंतर ते जे झोपायचे ते साडेचारपर्यंत, तो वेळ माझा वायाच. कंपनीनं मला फोनवर घेतलं नाही. ईमेलवर घेतलं, स्पॅनिश ईमेल, पगार दुप्पट नाही, दीडपट. फोनसाठी त्यांना बी2 पातळीची भाषा पाहिजे, मी त्याच्या एक पायरी खाली, बी1 च्या आसपास. देले नावाची स्पॅनिशची परीक्षा द्यायची आहे, ती स्पेनच्या सेर्बान्तेस संस्थेची, फी भरायला थोडे पैसे जमले की देईन. दंडाच्या डब्यात शेवटी तीनशे चाळीस निघाले, त्याची आम्ही गुलमंडीवर कुल्फी खाल्ली, खालांना पण नेलं.

पुण्याला जायच्या आधी चार दिवस सेलूला होते. मृग लागून गेला होता, ढग यायचे नि जायचे. बाबांनी विचारलं कापसाला काय म्हणतात? आल्गोदोन, म्हणलं, हा पण अरबीच. ओसरीवर आजोबा पडलेले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकलेले. ते एकदम उठून बसले. अल-क़ुत्न, म्हणले. मग त्यांना नादच लागला. सदऱ्याला काय? कामीसा. कमीज, म्हणले, बरोबर. साबणाला? ख़ाबोन. साबून. साखर? आसूकार. शकर. फलाण्याला? फुलानो. आजोबा मांडीवर थापा मारायले, दात नाहीत त्यामुळं हसताना आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

मग विचारलं, पाऊस?

यूबिया, म्हणलं.

आजोबांनी थोडा वेळ तोंडात घोळवून बघितलं. यूबिया. यूबिया. मग मान हलवली.

"हा काही आपल्याकडं आलेला दिसत नाही," म्हणले, आणि कुशीवर वळून परत पडले.